कावळा, फांदी आणि रिफायनरी : कॅलिफोर्नियातील महाग पेट्रोलचा अर्धाच सांगितला जाणारा इतिहास

१/
१४ ऑक्टोबर २०२४. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. रिफायनऱ्यांनी पेट्रोलचा किमान साठा राखावा असा नियम करण्याचा अधिकार त्या कायद्याने राज्याच्या ऊर्जा आयोगाला मिळाला. १६ ऑक्टोबर २०२४. फिलिप्स ६६ या कंपनीने आपली लॉस एंजेलिस येथील रिफायनरी वर्षभरात बंद करण्याचे जाहीर केले. क्षमता दिवसाला सुमारे १ लाख ३९ हजार पिंप. दोन घटनांत अंतर अवघ्या दोन दिवसांचे. तेवढ्या अंतरावर एक संपूर्ण कथानक उभे राहिले : सरकारने नियमांचा फास आवळला, रिफायनऱ्या गुदमरल्या, पेट्रोल महागले. हा धागा त्या कथानकाविरुद्ध आहे.

२/
मराठीत अशा तर्कासाठी जुनी म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. दिवसाला लाखाहून अधिक पिंपे तेल शुद्ध करणारा, शेकडो कामगारांचा, शंभर वर्षांचा वारसा सांगणारा कारखाना कोणतीही कंपनी दोन दिवसांत मोडीत काढत नाही. त्यामागे अनेक वर्षांचे हिशेब असतात. मात्र म्हण उद्धृत करून इतिहासकाराची सुटका होत नाही. फांदी कावळ्याने तुटली नसेल, तर ती कशाने तुटली हे सांगावे लागते. आणि कावळ्याच्या वजनाचाही हिशेब द्यावा लागतो. तो येथे क्रमाने मांडला आहे.

३/
आरंभीच एक शब्द सोडवून घेणे आवश्यक आहे. ‘नियमन’ ही एक वस्तू नव्हे. इंधनाच्या बाबतीत निदान चार निरनिराळ्या गोष्टी या नावाने वावरतात. पहिली, भाव ठरवणारे नियम. दुसरी, इंधन कसे असावे आणि धुराड्यातून काय बाहेर पडावे हे सांगणारे नियम. तिसरी, कर. चौथी, माल कोणी, कोणत्या जहाजातून, कोठून आणावा हे ठरवणारे व्यापारी नियम. या चौघांचे परिणाम भिन्न असतात, क्वचित परस्परविरोधीही असतात. त्यांना एका पोत्यात भरून ‘नियमांनी कारखाने मारले’ म्हणणे म्हणजे ताप, मलेरिया आणि कुनैन यांना एकच रोग मानणे होय.

४/
आता मूळ प्रश्न : कॅलिफोर्नियाने हे नियम केलेच का? जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी असा दाट धूर उतरला की डोळ्यांना धारा लागल्या, घसे जळू लागले. महायुद्ध ऐन भरात होते. जपानने विषारी वायूचा हल्ला केला, अशी शंका अनेकांना आली. मग संशय ॲलिसो स्ट्रीटवरील कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. लोकांच्या संतापापुढे तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धूर मात्र येतच राहिला. एका कारखान्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही, हा धडा या शहराने तेव्हाच घेतला होता.

५/
कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेक या संस्थेत तो अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासत होता. त्याच कौशल्याने त्याने शहराची हवा गोठवून तपासली. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की मोटारींतून व रिफायनऱ्यांतून सुटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोन तयार करतात. म्हणजे धूर दिसत होता त्यापेक्षा अधिक न दिसणाऱ्या बाष्पात दोष होता. तेल उद्योगाच्या संघटनेने दुसऱ्या एका संशोधन संस्थेला पैसा पुरवून या निष्कर्षावर शंका घेतल्या. वादात हागेन-स्मिट टिकला.

६/
१९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. हागेन-स्मिट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. या मंडळाच्या कायद्यावर स्वाक्षरी करणाऱ्या गव्हर्नरचे नाव रोनाल्ड रेगन. पुढे ‘सरकार हाच प्रश्न आहे’ या विचाराचे प्रतीक ठरलेल्या नेत्याच्याच लेखणीतून हे मंडळ जन्मले, हे आजच्या वादात सोयीस्करपणे विसरले जाते. त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने कॅलिफोर्नियाला मोटारींसाठी देशापेक्षा कडक मापदंड लावण्याची विशेष मुभा दिली. कारण साधे होते : डोंगरांनी वेढलेले खोरे, कडक ऊन आणि लाखो मोटारी हा संयोग देशात अन्यत्र त्या प्रमाणात नव्हता.

७/
म्हणजे हे नियम कुणा विचारवंताच्या लहरीतून आलेले नाहीत. ते शहराच्या फुप्फुसांतून आले आहेत. हे मान्य केल्यावरही प्रश्न उरतो : हेतू शुद्ध असला तरी परिणाम कारखाने बंद पडण्यात झाला का? त्यासाठी अमेरिकेच्या इतिहासात रिफायनऱ्या बंद पडण्याची सर्वांत मोठी लाट कोणती, हे पाहावे लागते. ती लाट २०२४ मध्ये आली नाही. १९९६ मध्येही आली नाही. ती १९८१ नंतरच्या चार-पाच वर्षांत आली. आणि तिचे कारण नियम लादणे हे नव्हते. नियम उठवणे हे होते.

८/
ही कथा तपशिलाने सांगण्याजोगी आहे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी वेतन व किमती गोठवल्या. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर इतर वस्तूंवरील नियंत्रणे सैल झाली, तेलावरील मात्र पक्की झाली. जुन्या देशी विहिरींतील तेलाला पिंपामागे सुमारे सव्वापाच डॉलरची मर्यादा होती, तर आयात तेल बारा डॉलरच्या आसपास होते. एकाच देशात एकाच मालाचे दोन भाव झाले. ज्या रिफायनरीच्या दारात जुनी विहीर, तिची चांदी. जिला आयातीवर जगायचे, तिचे मरण. ही विषमता मिटवण्यासाठी नोव्हेंबर १९७४ मध्ये ‘हक्कपत्रां’ची योजना आली.

९/
योजनेचे सूत्र असे : ज्या रिफायनरीला राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक स्वस्त तेल मिळते, तिने कमी मिळणाऱ्या रिफायनरीकडून हक्कपत्रे विकत घ्यावीत. पैसा सुदैवी कारखान्यांकडून दुर्दैवी कारखान्यांकडे वाहावा. येथवर न्याय होता. पण त्यात छोट्या कारखान्यांसाठी खास सवलत घालण्यात आली. आणि कारखाना जितका छोटा, तितका पिंपामागचा लाभ मोठा. परिणाम अटळ होता. काही हजार पिंपांच्या, पेट्रोल धड न बनवू शकणाऱ्या, केवळ सवलतीसाठी उभ्या राहिलेल्या रिफायनऱ्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. तेलधंद्यात त्यांना ‘चहाच्या किटल्या’ म्हणत.

१०/
१९७० च्या दशकाच्या मध्यास देशात पावणेतीनशेच्या आसपास रिफायनऱ्या होत्या. १९८१ च्या आरंभी त्या ३२४ झाल्या. २८ जानेवारी १९८१ रोजी, पद ग्रहण केल्यानंतर आठवड्याभरात, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तेलाच्या भावावरील उरलेसुरले नियंत्रण उठवले. हक्कपत्रे गेली, सवलत गेली. १९८५ च्या आरंभी रिफायनऱ्या उरल्या २२३. चार वर्षांत शंभर कारखाने मिटले. १९९० मध्ये ही संख्या २०५ होती. तेलाच्या चढ्या भावाने घटलेली मागणी हेही त्याचे एक कारण होतेच. परंतु किटल्यांचा जीव ज्या सवलतीत होता ती सवलतच नाहीशी झाली होती.

११/
या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे आणि तो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. भाव ठरवणारे नियम कारखाने मारतात असे नाही. ते कधी कधी नको ते कारखाने जन्माला घालतात. आणि मुक्त बाजार कारखाने वाचवतो असेही नाही; त्याने शंभर कारखाने चार वर्षांत मिटवले, आणि अनेक अर्थशास्त्रज्ञांच्या मते ते योग्यच झाले. तेव्हा ‘रिफायनरी बंद पडली’ हे वाक्य स्वतःहून कोणाच्याही अपराधाचा पुरावा ठरत नाही. कोणती बंद पडली, ती उभी कशाच्या आधारावर होती, आणि तिच्या जागी काय आले, हे विचारल्याशिवाय ते वाक्य अपुरे आहे.

१२/
आता कावळ्याचे वजन. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने जगातील सर्वांत कडक म्हणता येईल असे पेट्रोल सक्तीचे केले : गंधक कमी, बेन्झिन कमी, बाष्पीभवन कमी. मंडळाच्या दाव्यानुसार हवेवरील परिणाम सुमारे ३५ लाख मोटारी रस्त्यावरून हटवण्याइतका होता. या पेट्रोलसाठी रिफायनऱ्यांना अब्जावधी डॉलरची यंत्रे बसवावी लागली. राज्याच्या ऊर्जा आयोगाच्याच नोंदीनुसार १९८५ ते १९९५ या काळात दहा रिफायनऱ्या बंद पडल्या आणि क्षमता सुमारे २० टक्क्यांनी घटली. त्यांतील काही छोट्या कारखान्यांना ही गुंतवणूक परवडली नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. नियमांनी येथे खरोखरच कारखाने मिटवले.

१३/
आणखी एक कबुली. पेट्रोल स्वच्छ जळावे म्हणून त्यात एमटीबीई नावाचे रसायन मिसळले जाऊ लागले. ते भूमिगत टाक्यांतून झिरपून पाण्यात उतरले. १९९६ च्या सुमारास सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या महत्त्वाच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. हवा धुण्याच्या उपायाने पाणी नासवले. मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी हे रसायन टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा आदेश दिला आणि त्याची जागा इथेनॉलने घेतली. नियमकर्ते चुकत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी सांता मोनिकाचे नाव लक्षात ठेवावे. पण चूक उघड झाली ती मोजमापांमुळे, आणि सुधारली गेली ती नियमानेच.

१४/
वेगळ्या पेट्रोलचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. कॅलिफोर्निया इंधनाचे बेट बनले. पूर्वेकडील तेलराज्यांतून या राज्यात पेट्रोल आणणारी मोठी वाहिनी नाही; मध्ये रॉकी पर्वत आहे. शेजारच्या राज्यात बनणारे सामान्य पेट्रोल येथे विकता येत नाही. एक रिफायनरी आजारी पडली की माल आशियातून बोटीने यायचा, आणि त्याला आठवडे लागायचे. तेवढ्या काळात भाव चढतात. म्हणजे वेगळ्या पाककृतीने पेट्रोल बनवण्याचा खर्च गॅलनमागे साधारण दहा-पंधरा सेंटांच्या आसपास असला, तरी तुटवड्याच्या आठवड्यांत द्यावी लागणारी किंमत त्याहून कितीतरी जास्त ठरते.

१५/
मात्र या बेटाभोवतीचा समुद्र एका दुसऱ्या नियमाने रुंद केला आहे, आणि त्याविषयी नियमनविरोधी मंडळी क्वचितच तोंड उघडतात. १९२० च्या जोन्स कायद्यानुसार एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात माल नेणारे जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे आणि अमेरिकी खलाशांचे असावे लागते. अशी जहाजे थोडी आणि महाग. टेक्सासचे पेट्रोल लॉस एंजेलिसला आणण्यापेक्षा परदेशातून आणणे अनेकदा सोयीचे पडते ते यामुळे. हा नियम पर्यावरणासाठी नाही. देशी जहाजबांधणीच्या संरक्षणासाठी आहे. ग्राहकाच्या खिशाला नियमाचा रंग कळत नाही. टीकाकारांना मात्र तो बरोबर दिसतो.

१६/
रिफायनरी बंद पडते तेव्हा कंपनी जे कारण देते, ते इतिहासाचे साधन आहे, इतिहास नव्हे. २००३ च्या अखेरीस शेल कंपनीने बेकर्सफील्ड येथील रिफायनरी बंद करण्याचे जाहीर केले. कारण दिले की जवळपासच्या कच्च्या तेलाचा पुरवठा आटत आहे. हा कारखाना राज्याला सुमारे २ टक्के पेट्रोल आणि ६ टक्के डिझेल पुरवत होता. ग्राहक संघटनेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे पुढे आणली. त्यांत हा कारखाना उत्तम नफा कमावत असल्याचे दिसत होते. राज्याच्या महाधिवक्त्याने चौकशी आरंभली, सिनेटमध्ये प्रश्न आले. अखेर शेलला ग्राहक सापडला, आणि २००५ मध्ये कारखाना फ्लाइंग जे या कंपनीला विकला गेला.

१७/
येथे कथा संपली असती तर ती ‘लोभी कंपनी’ या दुसऱ्या आवडत्या कथानकाला शोभली असती. पण ती संपली नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये फ्लाइंग जे दिवाळखोरीत गेली आणि कारखाना थंडावला. जो कारखाना मोठ्या कंपनीला नकोसा झाला होता, तो छोट्या कंपनीलाही पेलला नाही. शेलने सांगितलेले कारण पूर्ण सत्य नव्हते. तरीही कारखान्याचे भवितव्य सुरक्षित होते असे नाही. विक्रीने त्याला काही वर्षे मिळाली. धोरणाच्या इतिहासात अशी ‘काही वर्षे’ अनेकदा मोलाची असतात, कारण तेवढ्यात पर्यायी व्यवस्था उभी करता येते. ती उभी केली गेली की नाही, हा खरा प्रश्न.

१८/
६ ऑगस्ट २०१२ रोजी रिचमंड येथील शेव्हरॉनच्या रिफायनरीत गंजलेला पाइप फुटून आग लागली. सुमारे १५ हजार रहिवाशांनी दवाखान्यांत धाव घेतली. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी टॉरन्स येथील एक्सॉनमोबिलच्या रिफायनरीत स्फोट झाला. सुमारे ४० टन वजनाचा अवशेष उडून हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या टाकीजवळ पडला; टाकी थोडक्यात वाचली. दोन्ही घटनांनंतर पेट्रोल भडकले. या भाववाढीला नियम जबाबदार नव्हते. उलट देखभाल आणि सुरक्षितता यांबाबतचे नियम वेळीच कठोरपणे पाळले गेले असते, तर पुरवठा तुटला नसता. नियमांचा अभाव किंवा ढिलाईही पंपावरच्या भावात मोजली जाते.

१९/
टॉरन्सनंतर एक विचित्र गोष्ट घडली. कारखाना पुन्हा सुरू झाला, पण भावातील फरक पूर्ववत झाला नाही. बर्कली विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सेव्हरिन बोरेन्स्टाइन यांनी कर, हवामान शुल्क आणि वेगळ्या पेट्रोलचा खर्च वजा करूनही उरणारी तफावत मोजली. २०१५ पूर्वी ती नगण्य होती. नंतर सरासरी तीस-चाळीस सेंटांच्या आसपास राहिली. त्यांनी तिला ‘गूढ अधिभार’ म्हटले. तिचा मोठा भाग रिफायनरीच्या दारापलीकडे, वितरण आणि किरकोळ विक्रीत दिसतो. ‘सर्व महागाई नियमांची’ म्हणणाऱ्यांना या तफावतीचे उत्तर देता येत नाही. ‘सर्व महागाई रिफायनऱ्यांच्या नफेखोरीची’ म्हणणाऱ्यांनाही देता येत नाही.

२०/
उरलेला हिशेब उघड आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. राज्याचे इंधन उत्पादन शुल्क जुलै २०२५ मध्ये गॅलनमागे ६१.२ सेंट झाले. २०१५ पासून पेट्रोल-डिझेल कर्बउत्सर्जनाच्या परवाना बाजाराखाली आले. शिवाय कमी कर्बाच्या इंधनाचे स्वतंत्र मानक आहे. या सर्वांचा भार ग्राहकावर पडतो. तो पडावा, हाच त्यांचा हेतू आहे : रस्त्यांची दुरुस्ती कोणीतरी द्यायची असते आणि धुराची किंमतही. या हेतूशी असहमत असणे हा प्रत्येकाचा अधिकार. पण करामुळे पेट्रोल महाग होणे आणि करामुळे रिफायनरी बंद पडणे ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले सिद्ध आहे; दुसरे सिद्ध करावे लागते.

२१/
आता परत २०२४-२५ कडे. एप्रिल २०२५ मध्ये व्हॅलेरो कंपनीने बेनिशिया येथील, दिवसाला सुमारे १ लाख ४५ हजार पिंपांची रिफायनरी एप्रिल २०२६ अखेरपर्यंत बंद वा स्थगित करण्याचा इरादा कळवला. कंपनीने राज्यातील नियमांच्या कडकपणाकडे बोट दाखवले. त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी याच कारखान्याला वर्षानुवर्षे न कळवलेल्या उत्सर्जनाबद्दल ८ कोटी २० लाख डॉलरचा दंड झाला होता. दंड हा खर्चच आहे, हे खरे. परंतु विषारी वायू पंधराहून अधिक वर्षे गुपचूप सोडण्याची मुभा हाच ज्या कारखान्याच्या टिकण्याचा आधार असेल, त्याच्यासाठी अश्रू ढाळताना शेजारच्या वस्तीलाही विचारलेले बरे.

२२/
आणि त्याच वर्षी टेक्सासमध्ये काय घडले? ह्यूस्टन येथील लायंडेलबॅसेलची, दिवसाला सुमारे २ लाख ६४ हजार पिंपांची रिफायनरी बंद झाली. स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ रिफायनरीने एप्रिल २०२५ मध्ये शुद्धीकरण थांबवले. २०२० मध्ये लुइझियानातील शेलची कॉन्व्हेंट रिफायनरी बंद पडली होती. या ठिकाणी कॅलिफोर्नियाचे पेट्रोल नाही, न्यूसम नाहीत. समान धागा आहे तो जुनाट यंत्रे, दुरुस्तीचा अवाढव्य खर्च आणि आशिया व आखातातील महाकाय नवे कारखाने. त्या महाकायांत सर्वांत मोठे संकुल गुजरातेत जामनगरला आहे. स्पर्धेचे मूळ सॅक्रमेंटोत शोधणाऱ्यांनी नकाशा थोडा पूर्वेकडे फिरवावा.

२३/
मग कॅलिफोर्नियाचे सरकार निर्दोष ठरते का? मुळीच नाही; पण त्याचा अपराध वेगळा आहे. २०२० मध्ये न्यूसम यांनी २०३५ नंतर नव्या पेट्रोल मोटारींची विक्री थांबवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. राज्यातील पेट्रोलचा खप २००५ च्या सुमारास असलेल्या शिखरावरून साधारण १५ टक्क्यांनी उतरला आहे. खप हळूहळू, उतारासारखा घटतो. रिफायनऱ्या मात्र पायरीसारख्या, एकदम लाख-दीड लाख पिंपांनी घटतात. या दोहोंतील दरी आधीच दिसत होती. कोणता कारखाना केव्हा बंद व्हावा, आयातीसाठी बंदरे व टाक्या कोठे असाव्यात, कामगारांचे काय, याचा क्रम ठरवण्याचे काम पुढे ढकलले गेले.

२४/
त्याची किंमत २०२५ मध्ये चुकवावी लागली. नफ्यावर मर्यादा घालण्याचा जो अधिकार २०२३ मध्ये मोठ्या गाजावाजाने मिळवला होता, त्याचा वापर ऊर्जा आयोगाने ऑगस्टमध्ये पाच वर्षांसाठी पुढे ढकलला. सप्टेंबरमध्ये कर्न काउंटीत नव्या विहिरींचे परवाने सुकर करणारा कायदा झाला. घाबरलेल्या धोरणाचे हे चित्र आहे : आधी गर्जना, मग माघार. मार्टिनेझ आणि रोडियो येथील कारखाने वनस्पतिजन्य डिझेलकडे वळले, म्हणजे रूपांतराची वाट होती. तिच्यावरून किती जणांना, कोणत्या क्रमाने न्यायचे, हे कोणी ठरवले नाही. टीका करायचीच तर नियम केले यावर नव्हे. नियमांचा शेवट कोठे होतो याचा विचार केला नाही यावर करावी.

२५/
हा भेद भारतीय अनुभवाने अधिक स्पष्ट होतो. २००८ मध्ये कच्चे तेल भडकले. सरकारी कंपन्या सरकारच्या इच्छेने तोट्यात पेट्रोल-डिझेल विकत होत्या. त्यांना भरपाई म्हणून तेलरोखे मिळत, खासगी कंपन्यांना मिळत नसत. रिलायन्सने आपले सुमारे चौदाशे पंप बंद ठेवले. येथे भावनियंत्रणाने खरोखरच दुकाने बंद पाडली. १ एप्रिल २०२० रोजी मात्र देशभर भारत स्टेज ६ लागू झाले, इंधनातील गंधक ५० वरून १० भागांवर आले, आणि त्यापायी एकही मोठी रिफायनरी बंद पडली नाही. मानक देशभर एक होते, मागणी वाढती होती, खर्च वसूल होण्याची खात्री होती. एकाच देशात दोन नियम, दोन परिणाम.

२६/
महाराष्ट्रासाठी हा दूरदेशीचा वाद नाही. मुंबईत माहुल-तुर्भे परिसरात १९५४-५५ पासून रिफायनऱ्या आहेत आणि त्यांच्या भोवती वस्ती आहे. नाणार प्रकल्पासाठीची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर पुन्हा संघर्ष झाला. असा कारखाना पन्नास-साठ वर्षांसाठी येतो. त्यामुळे येताना विचारायचे प्रश्न जाण्याच्या दिवसाचेही असतात : हवेचे मोजमाप कोण करणार, भाव कोण ठरवणार, आणि खप उतरू लागल्यावर गावाचे, कामगाराचे, जमिनीचे काय? ‘नियम नकोत’ आणि ‘कारखाना नको’ या दोन्ही घोषणांत ही उत्तरे नाहीत.

२७/
सारांश. १९८१ नंतर शंभर रिफायनऱ्या नियम उठल्याने मिटल्या. १९९६ च्या सुमारास काही रिफायनऱ्या नियम आल्याने मिटल्या. २०२५ मध्ये काही ठिकाणी स्पर्धेने, काही ठिकाणी वयाने, काही ठिकाणी कर, दंड आणि घटता खप यांच्या एकत्रित भाराने मिटत आहेत. फांदी अनेक वर्षे पोखरली जात होती. कावळ्याचेही थोडे वजन होतेच. पण पोखरणाऱ्या किडीचे नाव न घेता फक्त कावळ्यावर दगड मारणारा इतिहासकार नसतो. तो फक्त नेम धरत असतो.

(धागा समाप्त)